नाशिकमध्ये भाड्याने घर शोधताय? आधी नळ सोडून बघा, मग कराराचं बोला

नाशिकला घर काय पटकन मिळतं, मुंबई-पुण्यासारखं नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मिळतं खरं, पण कोणाला हे बघावं लागतं. आम्ही दोघीच, मी आणि आई. माझी नोकरी अंबड एमआयडीसीत, आई जळगावचं घर आवरून कायमची माझ्याकडे येणार होती, तिचे गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट हवीच, टू बीएचके आणि बजेट पंधरा हजारांपर्यंत. फोनवर भाडं, मजला, पार्किंग सगळं बोलून व्हायचं, आता बघायला कधी येऊ विचारलं की हमखास प्रश्न यायचा, घरात जेन्ट्स कोण आहे? कोणी नाही म्हटलं की मग विचारून कळवतो, आणि ते कळवणं कधी यायचंच नाही. एका बाईंनी तर मला सरळ सांगितलं की दोघी बायकांना दिलं तर उद्या काही झालं तर जबाबदारी आमच्यावर येते. काय होणार आहे ओ? माझा पगार वेळेवर होतो, आईने चाळीस वर्षं संसार केलाय, आम्ही भाडं बुडवणार नाही की भिंती पाडणार नाही. राग येतो मला याचा, आजही येतो.

एरियाचं सांगते. गंगापूर रोड आणि कॉलेज रोड छानच आहेत, पण आमच्या बजेटमध्ये तिथे वन बीएचके बसत होता तोही जुन्या बिल्डिंगमधला आणि लिफ्ट नाही. पंचवटीत आईला राहायला फार आवडलं असतं, रामकुंड जवळ, काळाराम मंदिर जवळ, पण तिथून रोज अंबडला जायचं म्हणजे द्वारकेचा चौक दोन वेळा पार करायचा आणि ते मला जमणारं नव्हतं, शिवाय तिकडे एक मालक म्हणाले की २०२७ च्या सिंहस्थाच्या वेळी घर रिकामं लागेल, आधीच सांगतो. सिडकोत भाडं परवडतं, माणसंही चांगली, पण आम्ही बघितली ती घरं वरच्या मजल्याची आणि जिना अरुंद. राहिलं पाथर्डी फाटा आणि इंदिरानगर. अंबडला दोन्ही जवळ, आणि मला रोज इंदिरानगरच्या बोगद्यातून जावं लागत नाही हे खूप मोठं सुख आहे, ज्यांना जावं लागतं त्यांना विचारा.

पाथर्डी फाट्याच्या बाजूला एक फ्लॅट मला बघताक्षणी आवडला होता. नवीन बिल्डिंग, मॉड्युलर किचन, हवेशीर, बाल्कनीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. मी हॉलमध्ये एजंटशी डिपॉझिटचं बोलत होते तोवर आई एकटीच आत गेली. तिने ओट्याचा नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं, चूळ भरली, मग बाथरूममध्ये जाऊन गिझरच्या नळाच्या तोंडावर नख घासलं तर पांढरा थर खरवडून तिच्या नखात आला. बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, "बोअरचं आहे गं, यात डाळ शिजायची नाही." एजंट म्हणत होता महापालिकेचं पाणी चोवीस तास. निघताना आईने खाली वॉचमनच्या बायकोला विचारलं, तर तिने सांगितलं की प्यायला महापालिकेचं येतं पण थोडा वेळ, टाकीत सगळं बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकर. गंगापूर धरण इतकं जवळ असलेल्या शहरात हे विचारावं लागेल असं मला वाटलंच नव्हतं, पण विचारावं लागतं, आणि एजंटला नाही तर वॉचमनला किंवा खालच्या मजल्यावरच्या काकूंना. तसंच महावितरणचं जुनं बिल मागायचं. मागच्या महिन्यांचं युनिट त्यावरच छापलेलं असतं, थकबाकी आहे का तेही कळतं, आणि मीटर आपल्या फ्लॅटचं वेगळं आहे ना हे खाली जाऊन स्वतः बघायचं.

शेवटी इंदिरानगरमध्ये मिळालं. मालक रिटायर्ड काका, स्वतः त्याच सोसायटीत राहतात. काकूंनी आईला पहिला प्रश्न विचारला तो भजनी मंडळात येणार का, जेन्ट्सचा विषयच निघाला नाही. भाडं १४ हजार, डिपॉझिट ५० हजार. पण आता करार. काका म्हणाले, अकरा महिन्यांचं स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाकू, सगळे तसंच करतात. आणि इथे मी अडून बसले, कारण हा विषय मी नीट वाचून ठेवला होता.

महाराष्ट्रात भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी रजिस्टर करावाच लागतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम ५५. रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही, आणि नाही केला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोटरीने मालकाचंच जास्त नुकसान आहे. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले, मग म्हणाले की पण अकरा महिन्यांच्या वर दिलं की भाडेकरूचा हक्क लागतो ना? ही भीती घरोघरी आहे. आपला करार लिव्ह अँड लायसन्सचा असतो, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी, त्यात तसा हक्क लागत नाही. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर कलम २४ प्रमाणे उलट दुप्पट भाडं भरावं लागतं.

म्हणून मी थेट दोन वर्षांचा मागितला. आईला दर वर्षी सामान बांधायला लावायचं नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं. खर्च म्हणाल तर, दोन वर्षांचं भाडं ३ लाख ३६ हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात ते १० हजार, या सगळ्याच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे नऊशेच्या आत. रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत एक हजार. वर ऑनलाइन कागदपत्रांचा थोडा चार्ज आणि घरी येऊन मशीनवर अंगठे घेऊन ऑनलाइन रजिस्ट्रेशन करून देणाऱ्या माणसाचे पैसे. कागद पक्का असायला एवढा खर्च काहीच नाही.

तो मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन संध्याकाळी आला. माझा अंगठा लगेच लागला, काकांचा लागेचना. वयाने बोटं झिजतात म्हणे. ओल्या फडक्याने पुसून झालं, काकूंनी थोडं खोबरेल लावून बघा सांगितलं, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं आणि काका लहान मुलासारखे खूश झाले.

करारात दोन गोष्टी मी आग्रहाने लिहून घेतल्या. एक, डिपॉझिट चावी परत देतो त्याच दिवशी मिळेल आणि रंगाचे पैसे त्यातून कापायचे नाहीत, कारण माझ्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचा पूर्ण एक महिन्याचा पगार याच रंगात गेलाय. दुसरी, सोसायटीचा मेंटेनन्स मालक भरणार. सोसायट्या भाड्याने दिलेल्या फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावतात, तो सर्व्हिस चार्जच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, आणि तो मालकाचा विषय आहे, आपला नाही. काका दोन्हीला लगेच हो म्हणाले. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देतात तो ऑनलाइन फॉर्मही मी त्यांच्यासमोर बसून भरून दिला. माझ्यासारखी एचआरएची म्हणजे घरभाडे भत्त्याची करसवलत घेत असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन तेव्हाच मागून घ्या, मार्चमध्ये मागितला की लोक कां कू करतात.

कोणी दोघी-तिघी मिळून घर शोधत असाल, किंवा एकटी असाल, तर कमेंटमध्ये विचारा, आमच्या कराराचा मसुदा मी नावं काढून पाठवते. इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडे शोधत असाल तर कोणत्या गल्लीत पाणी कसं आहे हे आई सांगेल, तिची भजनी मंडळातून चौकशी चालूच असते.