दोन लेकरांचा बाप स्पायडर-मॅन

रविवार, रात्री साडेदहा

‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ या कॉमिकचा पहिला खंड आज संपवला. सहा अंक एकत्र बांधलेले. भाचा इथे बडोद्याला फाइन आर्ट्सला आहे, त्याने आणून दिला. म्हणाला, “मावशी, आधीचं काहीएक माहीत नसलं तरी चालतं, गोष्ट इथूनच सुरू होते.” साठ वर्षांचं जुनं कथानक, त्याच्या फांद्या, कोण कुठल्या विश्वातला, हे सगळं पाठ करून मग वाचायला बसणं मला जमणारं नव्हतं. म्हणून हे बरं वाटलं.

कॉमिक्सशी माझा संबंध म्हणजे लहानपणीचा इंद्रजालचा वेताळ. त्याचं डायनाशी लग्न झालं, जुळी मुलं झाली, तरी तो वेताळच राहिला. संसारी नायक ही कल्पना त्यामुळे मला कधीच खटकली नाही. पण स्पायडर-मॅनच्या बाबतीत ती प्रकाशकांना खटकली होती म्हणे. पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, आणि त्याची प्रेयसी मेरी जेन यांचं लग्न 1987 मध्ये लावलं आणि 2007 मध्ये कथेतूनच पुसून टाकलं. भाचा हे सांगताना अजूनही चिडतो.

नवी मालिका जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली. लेखक जोनाथन हिकमन, चित्रकार मार्को चेकेटो. या जगात एका खलनायकाने नायक घडूच दिलेले नाहीत, त्यामुळे पीटरला शाळकरी वयात कोळी चावलेलाच नाही. तो मोठा झाला, दाढी ठेवली, वर्तमानपत्रात नोकरी धरली, मेरी जेनशी लग्न केलं. एक मुलगा, एक मुलगी. सगळं आहे, पण काहीतरी राहून गेल्याची रुखरुख सुटत नाही. मग टोनी स्टार्कचा (मूळ कथांमधला आयर्न मॅन) निरोप येतो: तुझ्या वाट्याचं आयुष्य कुणीतरी पळवलं होतं, हवं असेल तर घे.

आणि तो घेतो. दुपारपासून माझ्या डोक्यातून हेच जात नाहीये.

1962 च्या मूळ गोष्टीत स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी कोळ्याचा चावा अपघात ठेवला होता. पीटरने सोडून दिलेल्या चोराच्या हातून त्याला वाढवणारे बेन काका मरतात, आणि त्या अपराधाच्या टोचणीतून तो लोकांसाठी झटू लागतो. इथे काका जिवंत आहेत, मे काकू गेल्या आहेत, पण त्यात पीटरचा काही दोष नाही. त्याच्यावर कसलंही ऋण नाही. उलट गमवायला भरलेलं घर आहे. अशा माणसाने स्वतःहून हात पुढे करावा, हे मला मूळ गोष्टीपेक्षा अवघड वाटतं आणि मोठंही.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या समा भागात शिरलं, तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना वर आणायला शेजारचा एक जण कमरेभर पाण्यात उतरला होता. दोन लहान मुलं घरात. पाण्यात मगरी फिरताहेत, हे सगळ्या बडोद्याला ठाऊक. बायको जिन्यात बॅटरी धरून उभी. “बूट घालून जा,” एवढंच म्हणाली. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, कुणाचं काही देणं लागत नव्हता. पीटर वाचताना तो माणूस सारखा आठवत राहिला.

सगळ्यात जास्त वेळ मी थांबले ते धाकट्या मे जवळ. काकूचंच नाव ठेवलेली ही चिमुरडी. बापाचा काळा पोशाख तिला भीतिदायक वाटतो, आणि त्याचा लाल-निळा रंग ठरतो तो तिच्या सांगण्यावरून. जगभर ओळखीचा तो पोशाख इथे लेकीची आवड म्हणून येतो! डोळे भरून आले माझे.

बेन काका आणि वर्तमानपत्राचा संपादक जेमसन ही जोडीही फार आवडली. फिस्क हा खलनायक मालक असलेल्या त्या वर्तमानपत्रातून दोघं बाहेर पडतात आणि त्या वयात स्वतःचं नवं वर्तमानपत्र काढायला निघतात. मारामारीच्या पानांपेक्षा त्यांच्या गप्पा मी चवीने वाचल्या. चित्रांत चेहरे बोलतात. शब्द नसलेल्या चौकटींवर जरा रेंगाळलं की माणसं कळत जातात. मेरी जेनच्या मनात काय चाललंय ते मात्र आणखी हवं होतं. नवरा रात्री-बेरात्री छपरांवरून उड्या मारतो, तेव्हा मुलांजवळ तीच असते ना.

भाच्याशी फोनवर वाद झाला. त्याच्या मते दुःख काढून घेतलं तर स्पायडर-मॅनचा आत्माच गेला. मी म्हटलं, दुःख कुठे गेलंय, ते पुढे उभं आहे, आता पीटरला गमवायला घर आहे. त्याला पटलं नाही. गुरुवारी जेवायला येतोय, दुसरा खंड घेऊन. तोवर हा पहिला मी ह्यांना वाचायला देणार आहे.