जोर लावून

दुपारी टीव्हीचा आवाज कमी करायचा होता. रिमोट दाबला, काही होईना. परत दाबला, जरा जोरात. मग हात लांब करून, अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. आवाज होता तेवढाच राहिला, पण आपण हे काय करतोय, असं एकदम मनात आलं. सेल उतरलेत हे मला कळत होतं. सेल उतरले की ती कसर अंगठ्याने भरून काढायची, हे शिकवलं कुणी? आणि पुढच्या पायऱ्याही पाठच. तळहातावर आपटायचा. झाकण काढून सेल जागच्या जागी गोल फिरवायचे. तेही जमलं नाही की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. सेल फिरवण्यात तरी थोडा अर्थ आहे, टोकांवर साचलेली पुटं घासली जातात. आपटण्याचं समर्थन मला करता येणार नाही. पण आपटल्याशिवाय राहवतही नाही.

हा रोग जुना आहे. सुट्टीत मामेभाऊ यायचा, दादा, आणि टीव्हीसमोर जमिनीवर व्हिडिओ गेम मांडला जायचा. (कॅसेटमध्ये फुंकर मारण्याविषयी मी काही लिहिणार नाही, त्याविषयी सगळेच लिहितात.) मारिओ पळत पळत दरीच्या काठाशी आला की दादा बटण असं दाबायचा की कंट्रोलरचं प्लास्टिक करकरायचं. नुसतं बटण नाही, कंट्रोलरच वर उचलायचा. खांदे वर, भुवया वर, मांडी घातलेली असूनही बूड जमिनीपासून सुटलेलं. वायर ताणली जायची आणि तिच्यामागे गेमचा डबा फरशीवरून सरकत यायचा. शेजारी बसलेले आम्हीही श्वास रोखून थोडे थोडे वर. मोटारींच्या शर्यतीत तर डावं वळण आलं की सगळी रांगच डावीकडे कलायची, कडेला बसलेल्याचं डोकं पलंगाच्या पायावर.

पुढे कधीतरी एक बंद पडलेला कंट्रोलर उघडून बघितला. बटणाखाली रबराची छोटी टोपी, टोपीच्या पोटात कार्बनचा काळा ठिपका. तो खालच्या पट्ट्यांना टेकला की काम झालं. मग हळूच टेकवा नाहीतर मुठीने हाणा, यंत्राला दोन्ही सारखंच. बटण किती वेळ धरून ठेवलं यावर मारिओच्या उडीची उंची ठरायची, किती जोरात दाबलं यावर नाही. दादाला मी हे उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "मग मी जिंकायचो कसा?"

याला उत्तर नाही.

बरं, माणूस जोर लावतोच आहे तर तो मोजावा, असं कंपन्यांना वाटलं नाही असंही नाही. 1987 साली कॅपकॉमचा पहिला 'स्ट्रीट फायटर' आला तेव्हा त्याच्या मोठ्या मशीनवर बटणांऐवजी दोन रबरी गाद्या होत्या, एक ठोशाची, एक लाथेची. जेवढा जोरात हात माराल तेवढा जोरात ठोसा. दादासाठीच बनवलेलं यंत्र! पण दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर साधी सहा बटणं आली, हलका ठोसा वेगळा आणि भारी ठोसा वेगळा, आणि पुढे तीच रूढ झाली. 2000 साली प्लेस्टेशन 2 ने कंट्रोलरच्या जवळजवळ सगळ्या बटणांना दाब ओळखायला शिकवलं. बऱ्याच जणांना ते कळलंच नाही, आणि 2013 च्या प्लेस्टेशन 4 मध्ये समोरच्या चार बटणांचं ते कसब गायब झालं. ॲपलने 2015 मध्ये आयफोनच्या काचेलाच दाब कळेल अशी सोय केली. लोक आपले बोट नुसतं टेकवून धरत राहिले. 2019 च्या फोनांत ती सोय नव्हती, आणि कुणी फारसं हळहळल्याचं ऐकलं नाही. म्हणजे यंत्राने जोर मागितला की द्यायचा नाही, आणि नको म्हटलं की नख पांढरं पडेस्तोवर द्यायचा. निंटेंडोने 2006 मध्ये 'वी' काढून हात हलवून खेळायला सांगितलं, तेव्हा लोकांनी एवढा हात हलवला की रिमोट सुटून भलतीकडे जाऊ लागले आणि कंपनीला मनगटाचे पट्टे बदलून द्यावे लागले. आपल्याला मधलं काही जमत नाही.

नवीन टॅब घेतला की लोक रॅम किती, बॅटरी किती चालते, हे विचारतात. माझी तक्रार एवढीच की दाबल्याचं समाधान नाही. खट् झालं पाहिजे. काच थरथरते, पण ते मनधरणी केल्यासारखं वाटतं.

बाबांना टॅब दिला तेव्हा हे फारच जाणवलं. ते त्यावर टाइप करत नाहीत, ठोकतात. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांची सगळी नोकरी टाइपरायटरवर गेली, कागदांच्या मधे कार्बन घालून. जोर कमी पडला की शेवटची प्रत पुसट, आणि पुसट प्रत साहेब परत पाठवणार. तिथे जोर म्हणजे कामच होतं. आता समोर काच. काचेला दाब नको असतो, कातडीतून जाणारी किंचितशी वीज हवी असते, आणि वयाने बोटांची टोकं कोरडी, राठ झालेली. हलकेच टेकवलं तर बऱ्याचदा काचेला पत्ताच लागत नाही. जोरात दाबलं की बोट पसरतं, जास्त कातडी काचेला लागते, आणि अक्षर उमटतं. म्हणजे बाबांचंच खरं ठरतं. "बघ," म्हणतात, "जोर लावावा लागतो."

मागच्या आठवड्यात त्यांनी माझा नंबर लावायला घेतला आणि लागेना, म्हणून शेजारच्यांना बोलवावं लागलं. रात्रीची वेळ होती, त्यांना बरं वाटत नव्हतं. विशेष काही निघालं नाही.

आता त्यांच्या उशाशी ओलसर रुमाल ठेवून देते, बोट टेकवायला. काचेवर डाग पडतात म्हणून घरात कुरकुर चालू आहे. चालू दे.