'पु' कुठे बसतो: कापाम्पाङान अभिवादनं

फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर, पाम्पांगा प्रांतात बोलल्या जाणाऱ्या कापाम्पाङान भाषेत सकाळी 'मयाप आ आबाक' म्हणतात आणि रात्री 'मयाप आ बेङी'. 'मयाप' म्हणजे चांगलं. मधला 'आ' दोन शब्दांना जोडतो, तो गाळू नका.

'बेङी'तला ङ 'वाङ्मय'मधला, शुद्ध नाकातला. 'रंग'सारखा पुढे ग लावलात की उच्चार फसला.

वडीलधाऱ्यांशी बोलताना आदराचा 'पु' हवाच: 'मयाप आ आबाक पु'. आभार मानायचे तर 'दाकाल आ सालामात', म्हणजे पुष्कळ आभार. इथे 'पु' मध्ये आला की जोडणारा 'आ' जातो आणि 'पु'लाच ङ चिकटतो: 'दाकाल पुङ सालामात'. कारण सरळ आहे, व्यंजनानंतर 'आ', स्वरानंतर ङ. नवशिके बहुतेक इथेच अडखळतात. नकारालाही 'पु' लागतो: 'आली पु'. नुसतं 'आली' मोठ्यांना तुटक वाटतं.

मला सगळ्यात गोड वाटतं ते जेवायचं बोलावणं, 'माङान तामु', चला जेवूया. हा 'तामु' म्हणजे आपलं 'आपण', ऐकणाऱ्यालाही सामावून घेणारं. 'आम्ही'साठी शब्द निराळा. मराठी माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही.