सातव्या रकान्यात काय लिहायचं?

अभयारण्यात संशोधन करण्याच्या परवानगीच्या अर्जातला सातवा रकाना असा होता: ‘गोळा करावयाच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव व नगसंख्या’. या एका ओळीपायी माझा अख्खा पावसाळा गेला. कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या रानात कुणी खेकड्या-झिंग्यांवर काम करायला निघालं असेल तर त्याचा तरी वाचावा, म्हणून लिहिते आहे.

माझं पीएच.डी.चं काम मलप्रभा आणि म्हादईच्या उगमाकडच्या ओढ्यांतल्या दशपादांवर आहे. दशपाद म्हणजे दहा पायांचे कवचधारी, आपले खेकडे आणि झिंगे. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगवते, पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. त्याच तालुक्यात देगावच्या रानातून म्हादई निघते ती गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. मधे नुसती डोंगराची धार. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं अळीच्या रूपात प्रवाहाबरोबर दूरदूर वाहत जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याला ती अळीची अवस्थाच नसते. अंडी आईच्या पोटाच्या पडद्याखाली राहतात आणि त्यातून सरळ इवलेसे खेकडे बाहेर पडतात, तेही काही दिवस आईला धरूनच असतात. अशा जिवाला एक डोंगर ओलांडायला किती पिढ्या लागत असतील? मग धारेच्या अलीकडचा खेकडा आणि पलीकडचा खेकडा एकच की वेगळा? लहानपणापासून रस्सा खाताना कधी न पडलेला हा प्रश्न एम.एस्सी.ला पडला आणि सुटला नाही.

गाईड मिळणं, नोंदणी, विषय मंजूर होणं हे सगळं वेळेत झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

माझी निम्मी ठिकाणं भीमगड अभयारण्यात येतात. हे अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात संशोधनासाठी शिरायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. हे बरोबरच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. कन्नडमधलं पत्र आमच्या शेजारच्या काकींनी लिहून दिलं. त्या कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या. खेकड्याला ‘एडी’ आणि झिंग्याला ‘सीगडी’ हे शब्द त्यांनीच घातले, अक्षर मोत्यासारखं. फेब्रुवारीत अर्ज दिला. मेअखेर पत्र हातात आलं तर मृगाच्या पावसाला मी ओढ्यात असणार होते.

वाटेतल्या एका कार्यालयातल्या एका टेबलावर फाईल अडली. सातव्या रकान्यात मी ‘गोड्या पाण्यातील खेकडे व झिंगे’ एवढंच लिहिलं होतं. टेबलावरचे साहेब म्हणाले, “मॅडम, नाव नाही तर परवानगी कशाची देऊ?” त्यांचं म्हणणं मला पटलं. घरी येऊन ‘बॅरीटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस’ असं लिहिलं. दख्खनमधला हा बिळं करणारा खेकडा १८३६ सालापासून शास्त्राला माहीत आहे, आपल्याकडे शेताच्या बांधात दिसतो तो बहुतेक हाच. पुन्हा गेले. आता प्रश्न आला, “एवढाच धरणार ना? दुसरा सापडला तर सोडून देणार?” दुसरा सापडावा म्हणूनच तर जायचं होतं. मग मी दहा नावं लिहिली. तिसऱ्या खेपेला पुरावा मागितला: ही दहा इथं आहेत कशावरून? इथल्या ओढ्यांची मला हवी तशी यादी असती तर माझं काम उरलंच नसतं.

मी परोपरीनं सांगितलं की ओढ्याच्या काठावर उभं राहून खेकड्याचं नाव सांगता येत नाही. रंगावर जाता येत नाही, एकाच ओढ्यात तांबूस आणि काळपट दोन्ही दिसतात. प्रौढ नराच्या पोटाचा पडदा उचलला की खाली सडपातळ अवयवांच्या दोन जोड्या असतात, मीलनाच्या. त्यातल्या पहिल्या जोडीचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, त्याचा बाक आणि जाडी पाहिली, तेव्हा कुठे जात ठरते. मादीवरून नाही, लहान नरावरूनही नाही. झिंग्याचंही तसंच. डोक्यावरच्या करवतीला वर किती दात, खाली किती, आणि त्यातले किती डोळ्याच्या खोबणीच्या मागे, हे मोजायचं. मग दुसऱ्या पायाच्या सांध्यांची लांबी एकमेकांशी ताडून बघायची. नगाशिवाय नाव नाही, नावाशिवाय परवानगी नाही आणि परवानगीशिवाय नग नाही. हे मी मराठीत सांगितलं, मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. उत्तर एकच, “नाळे बर्री.” उद्या या.

मधेच कुणीतरी फाईलवर शेरा मारला की सीगडी म्हणजे मासळी, तेव्हा मत्स्यखात्याचं पत्र जोडा. झिंगा मासा नाही, त्याला कणा नाही, तो खेकड्याचा भाऊबंद आहे, हे एका पानावर लिहून दिलं. ते पान फाईलला लागायलाच दोन आठवडे गेले. बसची तिकिटं मी जपून ठेवली आहेत. खानापूर ते बेळगाव, अकरा खेपा.

तोवर जून उजाडला. पहिल्या जोराच्या पावसानंतर जांबोटीच्या रस्त्यावर रात्री खेकडे निघाले. गाडीच्या उजेडात दिसत होते, काही चाकांखाली चिरडले जात होते. मी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि एकालाही हात लावता येत नव्हता. मेलेलासुद्धा उचलायचा नाही असं गाईडनी बजावलं होतं, कारण परवानगीच्या तारखेआधीचा नग पुढे कुठल्याच शोधनिबंधात चालत नाही. त्या रात्री मी रडले. श्रावणात वाटाड्या आजोबा म्हणाले, “पाऊस सरला की ते आत जातंय बघ बाळ, मग कुठलं गावतंय?” मला ते माहीत होतं. साहेबांना ते कसं सांगायचं, तेवढं कळत नव्हतं.

वाट दाखवली एका ज्येष्ठ अभ्यासकांनी, फोनवर, दहा मिनिटांत. ते म्हणाले, जातीचं नाव लिहूच नका, कुळाचं लिहा. खेकड्यांसाठी गेकार्सिन्यूसिडी, झिंग्यांसाठी पॅलेमोनिडी आणि अ‍ॅटिडी. संख्या जातीमागे देऊ नका, ठिकाणामागे द्या. मी असं लिहिलं: ‘दर ठिकाणी, दिसण्यात वेगळ्या प्रत्येक प्रकाराचे कमाल ४ नग, २ प्रौढ नर व २ माद्या. अंडी किंवा पिल्ले असलेली मादी जागीच सोडली जाईल.’ खाली एक वाक्य वेगळ्या ओळीत: ‘जातीचे नाव निश्चित करणे हाच या कामाचा उद्देश आहे.’ नग शेवटी कुठल्या संग्रहात ठेवणार तेही लिहिलं. सोबत दोन गोष्टी जोडल्या. एक, अल्कॉकच्या भारतीय गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या १९१०च्या सूचीची पहिली पानं. दुसरी, ‘घाटियाना’ हे खेकड्यांच्या जातींच्या एका गटाचं नाव पती आणि शर्मा यांनी २०१४ साली मांडलं त्याची नोंद. पश्चिम घाटातल्या ज्या खेकड्यांना आज आपण घाटियाना म्हणतो, त्यांच्यासाठी २०१३ साली कुणी माझ्यासारखा अर्ज केला असता तर हे नाव जगात नव्हतंच. साहेबांनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच मला बसा म्हणाले. “म्हणजे नावं अजून बदलतात होय?” त्यानंतर फाईल सरळ वर गेली. नुसतं ते उद्देशाचं वाक्य फेब्रुवारीत सुचलं असतं तर!

पत्र आलं ऑक्टोबरच्या शेवटी. खेकडे बिळात गेले होते. ओढ्यांत झिंगे होते, ते तेवढे घेतले. दगडाखाली नांग्या लांब असलेला मॅक्रोब्रॅकियम. आणि पाण्यात लोंबणाऱ्या मुळांमध्ये बोटाच्या पेराएवढी, काचेसारखी कॅरिडिना. तिच्या नांग्यांच्या टोकाला केसांचे झुबके असतात, त्यांनी ती दगडावरचं शेवाळ पुसून खाते. भिंगातून तो झुबका पहिल्यांदा पाहिला तेव्हा आठ महिन्यांचा शीण उतरला. बाजारात मिळणारा सुका जवळा हीच का, असं घरी सगळे विचारतात. नाही. जवळा समुद्रातला, त्याचा उपगणच वेगळा.

खेकडे पुढच्या पावसाळ्यात मिळाले. परवानगीची मुदत संपायच्या आत वाढवून घ्यावी लागते, ते विसरू नका. मी दोन महिने आधीच अर्ज टाकला होता.

खेकडा जिवंत असताना थेट स्पिरिटमध्ये टाकू नका, तो स्वतःच पाय तोडून टाकतो आणि नग वाया जातो. आधी बर्फात ठेवून सुन्न करायचा. डीएनए करायचा असेल तर ९५ टक्के अल्कोहोल, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलायचं, कारण खेकड्याच्या अंगातलं पाणी त्यात उतरतं. फॉर्मलीन नको. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाकायची. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि कुठल्या ओढ्यातला खेकडा तेच कळेनासं होतं. रंगाचा फोटो आधी काढा, बाटलीत रंग टिकत नाही. अल्कोहोलसाठी कॉलेजचा परवाना लागतो, त्याची चौकशी पहिल्या महिन्यातच करा.

आता माझ्या टेबलावर डावीकडे मलप्रभेच्या बाटल्या आहेत, उजवीकडे म्हादईच्या. प्रौढ नर डावीकडे ११, उजवीकडे १४. रोज दोन-दोन काढून टोकं तपासते आहे. अजून नाव लिहिलेलं नाही.

एक राहिलंच. अर्ज नोव्हेंबरात द्या, फेब्रुवारीत नको, आणि प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली पोच घ्या. माझं मासळीवालं पान दोनदा हरवलं होतं. दुसऱ्यांदा पोच दाखवली तेव्हा ते त्याच टेबलाच्या खणात सापडलं.