बेड नंबर 11 ची व्हेन

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. वॉर्डची ड्युटी संपवून, पुढच्या सिस्टरला ओव्हर देऊन घरी आले, भाकऱ्या टाकल्या, सगळ्यांची जेवणं झाली, ओटा आवरला तरी डोक्यात तो ट्रे फिरतोच आहे.

झालं तसं काहीच नाही. सकाळी 11 नंबरच्या आजींची लाइन, म्हणजे शिरेत लावलेली सलाइनची नळी, गेली, हात सुजला, म्हणून आमची सगळ्यात नवी सिस्टर, पोरगीच ती, दुसऱ्या हाताला लाइन लावत होती. दंडाला बांधायचा पट्टा, टूर्निकेट, सापडेना म्हणून ग्लोव्ह बांधलेला, 22 नंबरची निळी इंट्राकॅथ, म्हणजे लाइनची सुई, हातात, मान खाली. पहिला प्रिक वाया गेला. आजींची व्हेन अशी की दिसते पण सुई टेकवली की बाजूला पळते. ती दुसऱ्यांदा बोटाने चाचपत होती तेवढ्यात आजी कण्हत म्हणाल्या, "त्या मोठ्या बाईंना टोचू दे गं." आणि मी गेले. "सरक जरा" म्हणलं, तिच्या हातातून ट्रे घेतला, नवी इंट्राकॅथ फोडली, कातडी अंगठ्याने खाली ताणून धरली, बाजूने शिरले, फ्लॅश आला, म्हणजे सुईत रक्त दिसलं. टेप लावून वर तारीख घातली. ती म्हणाली, "थँक्यू सिस्टर."

इथपर्यंत काही वाटलं नाही, उलट छानच वाटलं. मग एकच्या सुमारास 17 ची लाइन लावायची होती, तरणी मुलगी, हातावर दोरीसारख्या व्हेन, त्या कुणालाही लागल्या असत्या. तर ही ट्रे घेऊन सरळ माझ्या टेबलापाशी. "सिस्टर, तुम्हीच लावता का?"

तेव्हापासून हे चाललंय.

मी काय चुकीचं केलं? आजींना तिसरा चौथा प्रिक बसू द्यायचा होता का मी? पेशंटचा त्रास वाचवला की. दिवसभर हेच स्वतःला सांगितलं. पण दुसरा प्रिक अजून झालाच नव्हता. आजी सिरियस नव्हत्या, अँटिबायोटिकचा डोस पंधरा मिनिटं मागे गेला असता इतकंच. घाई आजींना नव्हती, मला होती.

इन्चार्ज होऊन पाच महिने झाले. सोळा वर्षं स्टाफ म्हणून काढली, कुणी बोट दाखवलं नाही, आणि आता एका ऑर्डरने सांगितलं की उद्यापासून तुम्ही परिसेविका. वॉर्ड चालवायचा कसा हे कुणी शिकवलं नाही. टीचिंग हॉस्पिटलला तीन बेडमागे एक सिस्टर हवी हे नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आम्ही परीक्षेत लिहिलंय, आणि आज सकाळी 40 बेडच्या वॉर्डात 58 पेशंट, खाली गाद्या, आणि मला धरून आम्ही तिघी. त्यात ड्युटी लिस्ट, सामानाचे इंडेंट, लिनन, टिकाऊ वस्तूंचा डेड स्टॉक. रोज कुणीतरी रुसलेलं असतं की मलाच नाईट का लावली. मी कुणाकडे रुसायचं?

आणि आज राऊंडला मेट्रन मॅडमनी रजिस्टर उघडून विचारलं, दोन सलाइन स्टँड कमी कसे. सगळ्यांसमोर. मला उत्तर सुचलं नाही. पोरी खाली बघत होत्या. ते जाऊ दे.

पण जाऊ दे म्हणता येत नाही, कारण त्या राऊंडनंतर अर्ध्याच तासात मी तो ट्रे घेतला. आत्ता लिहिताना वेळा जुळवल्या तेव्हा कळलं. मला सकाळपासून एक तरी गोष्ट अशी करायची होती जी मला शंभर टक्के येते, आणि ती समोर दिसली, दुसरीच्या हातात.

पोस्ट बेसिक नर्सिंगच्या कोर्सला बांदुरा या मानसशास्त्रज्ञाचं सेल्फ एफिकसी होतं, 1977 सालचं. माणसाचा स्वतःवरचा विश्वास सगळ्यात जास्त कशाने वाढतो, तर स्वतः करून जमलं या अनुभवाने. दुसऱ्याने शाबासकी देऊन वाढतो पण कमी. हे मी पाठ करून लिहिलंय, मार्कही मिळालेत. आणि आज तिचं ते जमणं दोन मिनिटांवर आलं होतं ते मी घेतलं.

2009 ला मी नवीन होते तेव्हा आमच्या इन्चार्ज बाई हात मागे बांधून उभ्या राहायच्या. कशाला म्हणून हात लावायच्या नाहीत. आम्हाला राग यायचा, वाटायचं साहेबीण झालीये. माझी पहिली रायल्स ट्यूब, नाकातून पोटात घालायची नळी, पेशंट खोकायला लागला, मी रडकुंडीला आलेली, आणि बाई तशाच उभ्या. "काढ. थांब. त्यांना गिळायला सांग. आता घाल." गेली. त्या दिवशी मी कँटीनमध्ये दोन वडापाव खाल्ले. पुढे कधीतरी वॉर्डच्या मावशी बोलता बोलता म्हणाल्या होत्या की तुम्ही बाईंना समोरून बघता, मी मागून बघते, हाताची बोटं दाबून दाबून पांढरी झालेली असतात. तेव्हा हसण्यावारी नेलं.

आज आठवलं आणि पोटात कालवलं.

नाइटिंगेलबाईंनी 1859 च्या पुस्तकात हेच लिहून ठेवलंय, की तुम्ही असताना जे करता ते तुम्ही नसताना कसं होईल हे जमलं नाही तर बाकी चांगली शुश्रूषा वाया जाऊ शकते. उद्या माझा ऑफ आहे. उद्या कुणाची लाइन गेली तर ती ट्रे घेऊन कुणाच्या टेबलापाशी जाणार?

असो. पाच महिन्यांत सगळं येत नसतं, बाईंनाही कुणी जन्मतः शिकवून पाठवलं नसणार. स्टँडचं काय ते परवा बघू, शेजारच्या वॉर्डातच असतील.

आजींची लाइन मंगळवारची, टेपवर मीच तारीख घातलीये, म्हणजे टिकली तर शुक्रवारी बदलायची. शुक्रवारी तिची मॉर्निंग आहे, माझीही. मी आधी आजींपाशी बसून त्यांना सांगणार आहे की ही पोरगी लावेल, मी इथेच आहे. मग हात मागे. तिचा दुसराही प्रिक चुकला आणि आजी माझ्याकडे बघायला लागल्या तर मी काय करीन, ते अजून मला माहीत नाही.