घरचा बॉयकट: मार्चअखेर ते जूनअखेर

ही नोंद जून २०२० मधली, कोरोनाच्या लॉकडाउनमुळे सलून बंद होती तेव्हाची. रविवारपासून, म्हणजे २८ जूनपासून, महाराष्ट्रातली सलून उघडणार असं काल जाहीर झालं. अगोदर वेळ ठरवून जायचं, कापणाऱ्यांनी मास्क, हातमोजे, एप्रन घालायचे आणि फक्त केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढंच. दाढीला परवानगी नाही. तेव्हा गर्दी सुरू होण्याआधी या तीन महिन्यांत घरी काय जमलं आणि काय अजून जमत नाही ते लिहून ठेवते. नोंद मुख्यतः आखूड केसवाल्या बायकांसाठी आहे, पण निम्म्याहून जास्त मजकूर पुरुषांच्या डोक्यालाही लागू पडतो.

सुरुवातीची स्थिती

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा कट झाला होता. मानेवर १ सें.मी.च्या आसपास, कानांवर अडीच, वर ७. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सें.मी. वाढतात. आता हिशेब बघा. महिनाभरानंतर वरचे ७ चे ८ झाले, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मानेवरचे १ चे २ झाले, म्हणजे थेट दुप्पट. सगळं डोकं सारख्याच वेगानं वाढतं, पण आकार बिघडतो तो खालून. समोरून आरशात बघितलं तर सगळं छान, आणि मागून कुणी फोटो काढला की ऐंशीच्या दशकातल्या सिनेमातला हिरो.

त्यावरून मी एकच धोरण ठरवलं आणि आजपर्यंत तेच पाळतेय: मान आणि कान सांभाळायचे, वरच्या केसांना शक्यतो हात लावायचा नाही. बॉयकट वाढलाय असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त कडा वाढलेल्या असतात. दर पंधरवड्याला कडा नीट केल्या की वरचे केस निवांत वाढू देता येतात, आणि लांब वरचा भाग उलट बराच शोभून दिसतो. पूर्ण हेअरकट घरी करायचा हट्ट धरणाऱ्यांशी माझं इथेच पटत नाही.

हत्यारं

घरातली कागदाची कात्री विसरा. बोथट पात्यांमध्ये केस कापला जात नाही, वाकतो आणि निसटतो. जो कापला जातो त्याचं टोक चेचलं जातं आणि पुढे त्यालाच फाटे फुटतात. आईची शिवणकामाची कात्री धारदार आहे, पण ती चांगली लांब आणि जड. कानामागे ती चालवणं म्हणजे कानाशी वैर. शिवाय आईनं विषय तिथेच संपवला: "त्या कात्रीनं मी तुला कागदसुद्धा कापू देत नाही, केस कसले कापतेस?"

एप्रिलमध्ये मेडिकलच्या दुकानात मिश्या कापायची छोटी कात्री मिळाली. तेवढ्यावर कानांचं काम झालं. आमचं पुणे रेड झोनमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक निर्बंधांच्या भागात होतं, ऑनलाइन फक्त जीवनावश्यक वस्तू येत होत्या, आणि ट्रिमर जीवनावश्यक का नाही यावर आमच्या घरात जेवताना बरीच चर्चा झाली. मेच्या उत्तरार्धात बाकीच्या वस्तू यायला लागल्यावर सहा इंची केसांची कात्री मागवली. तिच्या एका कडीला करंगळीसाठी छोटा आकडा असतो. तो शोभेचा नाही, त्यानं हात खरंच स्थिर राहतो.

ट्रिमर बाबांचा, दाढीचा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात भल्याभल्यांचा घोळ होतो. सलूनच्या मशीनचा 'एक नंबर' म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मि.मी. दोन म्हणजे ६, तीन म्हणजे जवळपास १०, चार म्हणजे १३. दाढीच्या ट्रिमरच्या चाकावर ३ लिहिलेलं असतं ते मात्र बऱ्याचदा सरळ ३ मि.मी. सलूनमध्ये "तीन नंबर मारा" म्हणायची सवय असलेल्या माणसानं घरी चाक तीनवर नेलं तर टाळू दिसायला लागेल. नेहमी सगळ्यात मोठ्या मापापासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी खाली यायचं.

पात्यांना तेल हवंच. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं आणि थंडीत तर गोठतंच. शिलाई मशीनचं पातळ तेल, दोन थेंब, मग मशीन काही सेकंद रिकामं चालवायचं आणि पुसून घ्यायचं.

तयारी

केस धुतलेले, कोरडे आणि बिनतेलाचे. सलूनमध्ये ओले करून कापतात, पण त्यांचा हात बसलेला असतो. ओला केस ताणला जातो, लांब दिसतो आणि वाळल्यावर वर चढतो. माझे थोडे कुरळे आहेत, त्यामुळे तर आणखीच. कोरड्यावर जे दिसतं तेच राहतं.

जुनी सुती साडी दुहेरी करून खांद्याभोवती घ्यायची आणि मागे कपड्याचा चिमटा लावायचा. मानेवर आधी भरपूर पावडर. मग बारीक केस चिकटत नाहीत, ब्रशनं झटकले की पडतात. मेच्या उकाड्यात घामेजल्या मानेवर पावडरीशिवाय काम करून बघा म्हणजे कळेल. खाली पसरायला जुनी रद्दी काढली, कारण घरोघरी पेपर टाकणं मधे बंदच होतं.

उजेड दिवसाचा हवा. आजीच्या मते दिवेलागणीनंतर, शनिवारी आणि अमावस्येला केस कापायचे नाहीत. गेल्या रविवारी, २१ तारखेला, अमावस्या आणि सूर्यग्रहण दोन्ही एकदम आल्यामुळे माझी ठरलेली वेळ सोमवारवर गेली. वार-तिथीचं मला फारसं नाही, पण दिवेलागणीचं आजीचं म्हणणं शंभर टक्के खरं. ट्यूबलाइटमध्ये मानेवरची सावली कोणती आणि केस कोणते तेच कळत नाही.

मान (हाच सगळा खेळ)

गोदरेजच्या कपाटाच्या आरशाकडे पाठ करून स्टुलावर बसायचं. समोर डोळ्यांच्या उंचीवर दुसरा आरसा खुर्चीच्या पाठीला टेकवून पक्का करायचा. हातातला आरसा उपयोगाचा नाही, कारण दोन्ही हात लागतात. दोन आरशांतून बघताना डावं-उजवं पुन्हा सरळ होतं, पण मेंदूला ते पटायला वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला मिटलेली कात्री नुसती मानेवर फिरवायची, वर, खाली, डावीकडे, जोवर हात आणि आरसा यांचं जुळत नाही तोवर. हा कंटाळवाणा भाग गाळू नका.

मग कंगव्यावरची कात्री. बारीक दातांचा कंगवा मानेच्या केसांखाली खालून घालायचा, दात वरच्या दिशेला. केसांच्या खालच्या रेषेपाशी कंगवा त्वचेला जवळजवळ टेकलेला. तिथून तो वर सरकवत न्यायचा, आणि वर जाता जाता त्याचा कोन हळूहळू बाहेर झुकवायचा. दातांच्या बाहेर जे केस येतील तेवढेच कापायचे. कात्रीचं एक पातं कंगव्याला समांतर आणि स्थिर, हलतो तो फक्त अंगठा. कवटीचा मागचा फुगवटा हाताला लागला की थांबायचं. त्याच्या वर गेलात तर वरचे केस टेकू हरवतात आणि उभे राहतात.

ही रीत मला बाबांच्या न्हावीकाकांनी फोनवर समजावली. ते मार्चमध्येच लातूरकडे गावी गेले होते. त्यांचं वाक्य असं: "ताई, कात्रीकडं बघू नका. कंगवा चालवायचा, कात्री आपली मागनं येते." मी कात्रीच्या टोकाकडेच डोळे लावून बसायचे, ते सोडलं आणि हात एकदम मोकळा झाला. बाबांनी त्याच फोनवर त्यांना विचारून नेहमीचे पैसे पाठवले. सलूनवाल्यांचे हे तीन महिने कसे गेलेत ते आपण बातम्यांत बघतोच आहोत, उघडायची परवानगी मिळावी म्हणून नाभिक संघटनांना आंदोलनं करावी लागली.

मानेची शेवटची रेषा चौकोनी आखू नका. पहिल्या दिवशी ती फार सुबक दिसते आणि आठवड्याभरात खाली खुंट उगवले की सगळ्यांना दिसते. रेषा आपली आपण विरत जाऊ द्या. बिनगार्डचा ट्रिमर (गार्ड म्हणजे लांबी ठरवणारा वरून बसवायचा कंगवा) फक्त तिच्या खालच्या लवेवर.

कान

कान पुढे दुमडायचा, मागची कमान मोकळी करायची आणि छोट्या कात्रीच्या टोकानं थोडंथोडं कापत जायचं. कल्ले आडवे सरळ कापू नयेत. कात्री उभी धरून टोकं तोडायची म्हणजे बायकांच्या चेहऱ्याला शोभतील असे निमुळते राहतात. बस, एवढंच. डाव्या कानाला माझा उजवा हात वळसा घालून जातो, तिथे अजून सफाई नाही.

बाबांचं डोकं

सचिन तेंडुलकरनं एप्रिलमध्ये स्वतःचे केस कापून फोटो टाकला, मेमध्ये अर्जुनचे कापले. त्यानंतर बाबांचा विरोध मावळला. दुसऱ्याचे केस कापणं स्वतःच्या निम्म्या कष्टाचं आहे, ज्यांना संधी असेल त्यांनी तिथूनच हात बसवावा.

बाजूंना १० मि.मी.चा गार्ड, खालून वर, केसांच्या उलट दिशेनं. कानशिलाच्या वर डोकं जिथे वळायला लागतं तिथे मशीन डोक्याबरोबर वळवायचं नाही, सरळ वर बाहेर काढायचं. तसं केलं नाही तर तिथे पायरी दिसते. "बाबा, मान हलवू नका" हे वाक्य सोडलं तर बाकी शांतता.

३ जूनला, 'निसर्ग' चक्रीवादळाच्या दिवशी, त्यांची उजवी बाजू झाली होती आणि वीज गेली. ट्रिमरची चार्जिंगही तेवढ्यातच संपली. बाहेर झाडं नुसती घुसळत होती. डावी बाजू मग पूर्ण कंगवा आणि कात्रीनं केली. यात एक बघायला मिळालं: मशीनची बाजू पहिल्या दिवशी जास्त नेटकी होती, पण दोन आठवड्यांनी कात्रीची बाजू जास्त चांगली दिसत होती. मशीन सगळे केस एकाच लांबीला छाटतं, त्यामुळे ते एकदमच वाढलेले दिसतात. कात्रीत थोडी उंचसखल लांबी राहते आणि वाढ त्यात खपून जाते. आता मशीन फक्त खालच्या दोन बोटांएवढ्या पट्ट्याला, वर सगळी कात्री. बाबांचं मत: "दोन्ही बाजू सारख्याच आहेत, तू उगाच बघत बसतेस."

वरचे केस

जूनपर्यंत हात लावला नव्हता. कपाळावरची झुलपं डोळ्यांत यायला लागली तेव्हा या सोमवारी थोडे घेतले. एक बट दोन बोटांत धरून सरळ वर उचलायची, आडवी छाटायची नाही, कात्रीचं टोक वरून उभं घालून टोकं खाचायची. अर्धा सें.मी., फार तर. भोवऱ्याभोवती अजिबात नाही. तिथले केस मुळातच गोल फिरत उगवतात, आखूड झाले की त्यांना खाली बसवणारं वजन उरत नाही आणि मग जेल लावा नाहीतर पाणी, ते उभेच.

दर पंधरवड्याला त्याच खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, मागून फोटो काढते. सगळे ओळीनं लावले की मान एप्रिलपासून जवळपास सारखी दिसते आणि वरची लांबी हळूहळू चढत गेलेली कळते. वर आता ९ सें.मी.च्या पुढे आहे.

पुढे

सलूनची वेळ मी लगेच घेणार नाही, पहिले दोन आठवडे ज्यांना खरी निकड आहे त्यांनी जावं. नंतर जाईन ती फक्त वरचा भाग आणि भोवरा नीट करून घ्यायला. मान आणि कान आता माझ्याकडेच राहतील. दाताळ पात्याची थिनिंग कात्री घ्यावी का हा प्रश्न अजून सुटलेला नाही. कानांवरचा भाग दाट होऊन बाहेर फुगतोय आणि तो लांबी कमी करून बसणार नाही, दाटपणाच कमी करावा लागेल. दोन भोवरे असलेल्या किंवा दाट, कुरळ्या केसांवर घरी थिनिंग केलेल्या कुणी असाल, तर मुळापासून किती अंतर सोडून कात्री लावली ते जरूर कळवा.