फाजील कार्टं

आमच्या आजीच्या तोंडात एक ठेवणीतली शिवी होती, 'फाजील कार्टं'. पाहुण्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घातलं, की फाजील कार्टं. आत्याच्या नव्या नवऱ्याला, म्हणजे घरच्या कोऱ्या करकरीत जावयाला, "काका, तुम्हाला पगार किती?" असं विचारलं, तेव्हा तर ती दोनदा मिळाली. एकदा लोकांसमोर आणि एकदा स्वयंपाकघरात, कानासकट. त्यामुळे फाजील म्हणजे आगाऊ, चोंबडा, वाह्यात, हा अर्थ माझ्या डोक्यात पक्का बसला आणि पुढे तीसेक वर्षं तिथून हलला नाही.

तो हलला एका शोकसभेत. ऑफिसातले एक सहकारी मूळचे लखनौचे. त्यांच्या जुन्या प्राध्यापकांची सभा होती, सोबत म्हणून मीही गेलो. एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले, चष्मा पुसला आणि गदगदून म्हणाले, "मरहूम बड़े फ़ाज़िल आदमी थे." मी चपापलो. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलायचं? आणि तेही भर सभेत? पण आजूबाजूच्या सगळ्या माना आदराने डोलत होत्या. बाहेर आल्यावर सहकाऱ्यांना हळूच विचारलं, तर ते हसतच सुटले. फाजिल म्हणजे मोठा विद्वान. 'आलिम-फाजिल' अशी जोडीच आहे. उत्तर प्रदेशातल्या मदरशांत तेव्हा 'कामिल' ही पदवीच्या पातळीची परीक्षा असे आणि 'फाजिल' त्याच्या वरची. कामिल म्हणजे पूर्ण. पूर्ण झाल्यावरही जो थांबत नाही तो फाजिल! माझ्या आजीच्या व्याख्येतही हेच बसत होतं, फक्त तिचा सूर वेगळा होता.

शब्द मुळात अरबी. त्याच्या धातूचा अर्थ उरणं, गरजेपेक्षा जास्त असणं. आता जास्त म्हणजे चांगलं की वाईट, ते ज्याचं त्याने ठरवायचं. देणाऱ्याने हक्कापेक्षा जास्त दिलं, तर ती कृपा, म्हणजे फजल; अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या नावात आहे ती. माणसात गुण चार जणांपेक्षा जास्त असले, तर तो फाजिल. आणि नुसतंच जास्त, कशालाच न लागणारं, ते हिंदीतलं 'फिजूल'. सगळी एकाच आईची लेकरं. याच घरातला आणखी एक जण आपल्याला चांगला ठाऊक आहे. 'अफझल' म्हणजे सर्वांत श्रेष्ठ, सगळ्यांत वरचढ. 1659 साली प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं ते सांगायला नको. आमचे गुरुजी तो धडा शिकवताना दरवर्षी न चुकता म्हणायचे, "अफझलखानाला फाजील आत्मविश्वास नडला." एका वाक्यात आपण एकाच शब्दाची दोन भावंडं समोरासमोर उभी करतोय, हे त्यांना कळलं असतं तर केवढे खूश झाले असते!

हे नातं चटकन दिसत नाही, त्याचं कारण एक अक्षर. अरबीत 'ज़ाद' नावाचं अक्षर आहे. आपण जसे ळ वर हक्क सांगतो तसे अरब त्याच्यावर सांगतात. आपल्या भाषेला ते 'ज़ादची भाषा' म्हणतात. त्याचा मूळ उच्चार फारसीतच सुटला, आणि मराठीत येईतो त्याचा कुठे ज, कुठे झ झाला. अर्ज, कर्ज, जामीन, जप्त, हजर, जिल्हा, मर्जी, रजा या सगळ्यांत तेच अक्षर लपलेलं आहे. एकट्या या अक्षरावर अख्खी कचेरी चालते म्हणा ना.

मग आपल्याकडे फाजीलची पत एवढी का उतरली? मला तरी वाटतं, दोष कुलकर्ण्यांच्या वहीचा. फारसी शब्द मराठीत शिरले ते बरेचसे दफ्तरातून, आणि हिशेबात जादा निघालेला आकडा कोणाला आवडतो? कमी भरला तर निदान कोणावर तरी ढकलता येतो. पण मराठीने या शब्दाला शिक्षा देतानाही एक बारकावा राखला. फाजील लाड म्हणतो, फाजील आत्मविश्वास, फाजील उत्साह, फाजील चौकशा म्हणतो. फाजील दुःख कोणी म्हणत नाही. फाजील पाऊस नाही, फाजील ताप नाही. जे मुळात बरं असतं आणि काठावरून सांडतं, त्यालाच हे विशेषण लागतं. विद्वत्ता थोडी बाजूला सरकली इतकंच.

सोळाव्या शतकात इराककडच्या एका कवीने तर हा शब्द हौसेने अंगावर घेतला. अझरबैजानी तुर्कीतला हा थोर कवी, 1556 साली वारला. जे टोपणनाव घ्यावं ते आधीच कोणीतरी घेतलेलं. मग त्याने 'फुजूली' घेतलं. म्हणजे आगाऊ, नसती उठाठेव करणारा. हे नाव दुसरं कोणी घेणार नाही, अशी त्याची खात्री होती. शिवाय ऐकणाऱ्याला हवं तर त्यात 'गुणांचा साठा' हाही अर्थ ऐकू यावा. खरं फाजील कार्टं!

आपण मात्र हाच खेळ दिवसांशी खेळलोय. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर 365 चं. हे अकरा-अकरा दिवस साठत जातात आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अख्खा महिना फाजील निघतो. त्याचं एक नाव मलमास, म्हणजे मळाचा महिना. लग्न नाही, मुंज नाही. दुसरं नाव पुरुषोत्तम मास. कोणीच पत्करेना म्हणून विष्णूने स्वतःचं नाव दिलं, अशी कथा आहे. तिसरं नाव घरगुती, धोंड्याचा महिना, आणि त्यात चंगळ जावयाची.

आमच्या त्याच काकांना (पगार त्यांनी कधीच सांगितला नाही) आजी धोंड्याच्या महिन्यात तबकात तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून वाण द्यायची. अनारसे ती तीनदा मोजायची. एकदा मी चौतिसाव्याबद्दल विचारलं. तळताना हसलेले, मोडलेले, खसखस नीट न चिकटलेले असे सात-आठ तरी डब्यात पडलेले मी पाहिले होते. "ते मोजायचे नसतात," ती म्हणाली. डबा उघडला, त्यातला त्यात धड असलेला एक निवडला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "पळ. फाजील कार्टं."